वशिंडावरचं तूप

घाटंजीच्या तान्ह्या पोळ्यात उत्कृष्ट सजवलेल्या बैलाचं पहिलं बक्षीस अतुलच्या मोटारीला मिळालं. स्टीलचा डबा, नारळ आणि झेंडूचा हार. ही गोष्ट घडलीच नाही असं धरून आपण पुढे जाऊ, कारण अतुल स्वतः आजही तसंच धरून चालतो. घरी कोणी तो डबा फळीवरून काढला, तर आत शेव आहे की चिवडा, एवढंच तो विचारतो.

तर मुळात गोठा.

घाटंजीच्या कडेला भगवानरावांचं घर, मागे कपाशी आणि सोयाबीनचं शेत, आणि दोहोंच्या मधे गोठा. गोठ्यात पूर्वी बैलजोडी होती. मग ट्रॅक्टर आला आणि जोडी गेली. ट्रॅक्टर गोठ्याच्या दारातून आत जाईना, म्हणून तो अंगणात उभा राहिला आणि गोठा रिकामा पडला. भगवानरावांचा एकुलता एक मुलगा अतुल, तो त्या रिकाम्या गोठ्यात शिरला आणि मग निघालाच नाही. गव्हाणीत त्याने सोल्डरिंगचं सामान मांडलं. खुंट्यांना चार्जरच्या वायरी गुंडाळल्या. जिथे बैल पाणी प्यायचे त्या डोणीत तो आता मोटारीची चाकं धुऊ लागला.

मोटार म्हणजे रिमोटवर पळणारी शर्यतीची बग्गी. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे साधारण कुत्र्याच्या पिल्लाएवढी, आणि स्वभावही तोच: सुटली की भलतीकडे. अतुल याला छंद म्हणायचा. भगवानराव याला 'ते' म्हणायचे. 'ते झालं असन तं जेवाले ये,' असा निरोप गोठ्यात यायचा.

बग्गीचं दुखणं एकच होतं. यवतमाळ जिल्हा रिमोट मोटार शर्यत संघाच्या प्रत्येक शर्यतीत तिने भाग घेतला होता आणि एकाही शर्यतीची शेवटची रेघ पाहिली नव्हती. शर्यती घाटंजीच्याच आठवडी बाजाराच्या मैदानावर व्हायच्या. तिथे लसूणवाल्याच्या ओट्यापाशी एक वळण आहे. बग्गी त्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे असायची आणि त्या वळणानंतर नसायचीच.

यंदाच्या पोळ्याआधी भगवानरावांनी गोठ्याच्या दारात उभं राहून, आत न येता, निकाल दिला. सोयाबीन चांगलं होतं. दसऱ्याच्या सुमारास निघालं की कुटार होईल, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आणि कुटार ठेवायला जागा लागेल. घरात बैल नसताना कुटार कोणासाठी, हा प्रश्न अतुलच्या ओठांपर्यंत आला आणि बापाचं तोंड पाहून परत गेला.

"जिंक म्हणत नाई मी तुले," भगवानराव म्हणाले. "एक शर्यत संपवून दाखव. एकच. संपवली तं गोठा तुहा. नाई संपवली तं कुटार."

यात वाईट वाटण्यासारखी गोष्ट एवढीच होती, की मागणी रास्त होती.

अतुलने मग गाडीच्या तब्येतीचा मुळापासून विचार करायचं ठरवलं आणि तो लोहाऱ्याला गेला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नासिरचाचांचं लेथ आहे. त्यांचा मुलगा तनवीर हा अतुलचा आयटीआयपासूनचा दोस्त. तनवीरला धातूंबद्दल ठाम मतं होती आणि बाकी कशाबद्दल मतच नव्हतं. त्याच्या लेखी प्लास्टिक हा पदार्थ नसून अफवा होती.

बग्गीच्या पुढच्या चाकाला अंगाशी जोडणारा जो भाग असतो त्याला आर्म म्हणतात. कंपनीने तो नायलॉनचा दिलेला होता. लसूणवाल्याच्या ओट्यावर आपटला की तो थोडा वाकायचा, बराचसा धक्का पोटात घालायचा, आणि फारच झालं तर तुटायचा. तनवीरने तुटका आर्म हातात घेतला, दोन बोटांत वाकवून पाहिला आणि अतुलकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्याने पोराला उपाशी ठेवलंय.

"बाळाच्या खेळण्यातला हाय का बे हा? ॲल्युमिनियम टाक."

ॲल्युमिनियमचा आर्म आला. निळा, चकचकीत, दागिन्यासारखा. तो खरोखरच तुटला नाही. त्याने फक्त धक्का खायचं नाकारलं आणि एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर सरकवतात तसा तो धक्का मागे सरकवला. मागे गिअरचा डबा होता. तो प्लास्टिकचा होता. तो फुटला.

मग गिअरचा डबा ॲल्युमिनियमचा झाला. फाईल चेसिसपर्यंत गेली. चेसिस कार्बन फायबरची बसवली, कारण इंटरनेटवर एका माणसाने ती वाकत नाही असं सांगितलं होतं. त्याचं म्हणणं खरं होतं. ती वाकली नाही, तिच्या चिरफळ्या झाल्या, आणि त्यांतली एक अतुलच्या अंगठ्यात गेली. तेव्हा तनवीरने कार्बन फायबरला त्याच्या सात पिढ्यांसकट नावं ठेवली आणि चेसिस पत्र्याची कापून दिली. कूलरच्या पत्र्याची नाही. ट्रॉलीच्या फाळक्याच्या पत्र्याची.

आता गाडी जड झाली. जड झाली म्हणून ती हळू पळू लागली, म्हणून मोटर मोठी टाकली, आणि तिला दिवसभर पुरेल अशी बॅटरीही. मोठ्या मोटरने गिअरचे दाते खाल्ले, म्हणून गिअर पोलादी केले. पोलादी गिअरमुळे गाडी आणखी जड झाली, आणि ॲल्युमिनियमचा तो दागिन्यासारखा आर्म तेवढ्या वजनाखाली केळीच्या पानासारखा लवू लागला. त्यावर तनवीरने डोळे मिटून बराच वेळ विचार केला. मग त्याने भंगारात पडलेल्या एका जीपचा कमानपाटा उचलला, म्हणजे खऱ्या जीपचा भार पेलणारी खरी पोलादी पट्टी, आणि त्यातून बग्गीचे आर्म कापून काढले.

नासिरचाचा बाजूला चहा पीत होते. त्यांनी आर्म हातात घेऊन तोलला आणि विचारलं, "हे कायच्यात बसवून राह्यले? ट्रकमधी?"

"खेळण्यात," तनवीर म्हणाला.

चाचांनी आर्म परत दिला आणि चहा संपवला. मुलगा हातचा गेला हे त्यांना पूर्वीच माहीत होतं, फक्त आज वजन कळलं.

या सगळ्यात एक भाग मात्र सुटला होता. मोटर आणि चाकं यांच्यामधे दोन चकत्या एकमेकींना घासून असतात. जोर फार झाला की त्यांनी जराशा घसरायचं आणि गिअरचे दाते वाचवायचे, हे त्यांचं काम. त्यांना स्लिपर म्हणतात. तनवीरने त्या घसरताना पाहिल्या आणि त्याचा जीव तुटला. त्याच्या दृष्टीने घसरणारी वस्तू म्हणजे ढिली वस्तू. त्याने पाना लावून नट असा आवळला, की चकत्यांनी घसरायचं नावच टाकलं. त्यानंतर गाडी सुरू करताना प्रत्येक वेळी आतून 'कट्' असा आवाज यायचा. तो दात्याचा असायचा.

याच संघात कळंबचा पिंटू म्हणून एक जण होता. त्याची गाडी खोक्यातून निघाली तशीच होती, सगळी नायलॉनची, आणि खिशात शेंगदाणे ठेवावेत तसे त्याच्या खिशात जास्तीचे नायलॉनचे आर्म असायचे. तुटला की तो दुसरा लावायचा. शर्यतही बहुतेक वेळा तोच जिंकायचा. एकदा त्याने अतुलला समजावलं होतं, "हे तुटाले बनवलं हाये, भाऊ. तुटू द्या त्याले." अतुलला हा विचार फार खालच्या पातळीचा वाटला होता.

पोळ्याच्या दोन दिवस आधी गोठ्यात शेवटची चाचणी झाली. गाडी गव्हाणीवर आपटली. गव्हाणीचा टवका उडाला, आर्मला ओरखडाही नाही. गाडीवरची पारदर्शक प्लास्टिकची बॉडी मात्र मधोमध फाटली, आणि आतून 'कट्' आलं. अतुलने गिअर बदलला. तो शेवटचा गिअर होता. दुसरा मागवला होता, पण तो नागपूरपर्यंत येऊन तिथे रमला होता.

म्हणून अतुल गाडी गोठ्यात ठेवून पुन्हा लोहाऱ्याला गेला, जास्तीचा गिअर तनवीरकडून लेथवर काढून घ्यायला. पोळा त्याने तिथेच घालवला. शर्यत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. गाडी तयार होती, फक्त हात लावायचा नव्हता. तसं त्याने घरी फोन करून बजावलंही होतं. पण फोन भगवानरावांनी घेतला होता, आणि भगवानराव निरोप स्वतःपाशी ठेवणारे होते.

इकडे घरी पोळ्याची आदली संध्याकाळ आली. आपल्याकडे त्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडतात, म्हणून कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानाने खांद्यावर चोळायची, वशिंडावर धार धरायची, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. अतुलची आई विमलताई माहेरी असल्यापासून हे करत आली होती. जोडी गेल्यापासून ती दर वर्षी तूप कढवायची, हळद कालवायची, आणि शेजारच्या नानाजींच्या बैलांकडे जायची. नानाजींनीही या उन्हाळ्यात ट्रॅक्टर घेतला.

विमलताई वाटी घेऊन अंगणात उभी राहिली. ट्रॅक्टरला खांदे कुठे असतात ते तिला ठरवता येईना. मग ती गोठ्यात गेली.

गोठ्यात, खुंट्यापाशी, वायरीने बांधलेलं काहीतरी उभं होतं. पुढून रुंद, मागे निमुळतं, पुढच्या दोन चाकांवर दोन शॉकअप वर आलेले, अगदी खांद्यांसारखे. त्यांच्या जरा मागे गिअरवरचं झाकण गोल उंच आलेलं. बाईने उभा जन्म बैलांत काढला होता. वशिंड कोणतं ते तिला सांगावं लागलं नाही.

तिने खांदे शेकले, सावकाश, दोन्ही बाजूंनी. झाकणाला वर हवेसाठी भोक होतं. त्यात तिने वाटीतलं उरलेलं सगळं तूप सोडलं. मग हात जोडून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पाहुणा एकटा होता तरी तिने जोडीचंच आवतन दिलं. सवय होती.

पोळ्याच्या दिवशी तिने त्याला ओवाळलं. जुन्या पेटीतून धाकट्या गोऱ्ह्याची झूल काढली, लाल मखमलीची, आरशांची. बेताने दुमडून अंगावर टाकली. झुलीला घुंगरू शिवले. मागे जी एरियलची कांडी उभी होती तिला लोकरीचा गोंडा लावला. पुरणपोळीचा घास समोर ठेवला. फाटलेली पारदर्शक बॉडी जवळच पडली होती. माश्या बसू नयेत म्हणून ती तिने पुरणपोळ्यांच्या ताटावर झाकली, आणि ती त्या ताटाला इतकी बरोबर बसली की कंपनीने ती त्याचसाठी बनवली असावी असं तिला वाटलं.

हे सगळं अतुलला नंतर कळलं. शर्यतीच्या दिवशी दुपारी त्याने लोहाऱ्याहून निघताना फोन केला, आणि गाडी सरळ मैदानावर घेऊन ये म्हणून आईला सांगितलं. तनवीरने काढलेला गिअर बसत नव्हता. तो खिशात होता, आणि त्याच्या वजनाने पँट सारखी एका बाजूला ओढत होती. तरीही दोघं मोटरसायकलवर आनंदात आले. आल्यावर पाहतात तो विमलताई डोक्यावर टोपली घेऊन उभी, टोपलीत झूल, आणि झुलीतून हळदीचा वास.

अतुलने झूल उचलली. पुन्हा ठेवली. पुन्हा उचलली.

"आई, हे काय केलं?"

"कायले? खांदे शेकले," विमलताई म्हणाली. "किती घट्टे होते रे त्याले. लोखंडासारखे झालते."

तनवीरने वाकून वास घेतला. "गावरानी हाये," तो म्हणाला.

पुसायला वेळ नव्हता. संघाची सचिव अर्पिता शिट्टी गळ्यात घालून गाड्या तपासत होती. संघाचे नियम तिनेच लिहिले होते आणि तिलाच पाठ होते. पहिला नियम, गाडीला बॉडी पाहिजे. दुसरा नियम, शर्यत सुरू झाल्यावर गाडीला माणसाचा हात लागला की गाडी बाद, मग कारण काहीही असो. आणि तिसरा, एक तरी गाडी चालू असेपर्यंत शर्यत बंद करायची नाही. हा तिसरा नियम लिहिताना एखादी गाडी किती हळू चालू राहू शकते हे तिला माहीत नव्हतं.

"बॉडी कुठे आहे?" तिने विचारलं.

अतुलने आईकडे पाहिलं. आईने, पोळ्यांवर, असं सांगितलं.

अर्पिताने झूल चिमटीत धरून पाहिली. बॉडी कशाची असावी हे नियमात लिहिलेलं नव्हतं. "काढली तर बाद," ती म्हणाली आणि पुढे गेली. म्हणजे झूल राहणार होती. झुलीबरोबर घुंगरू राहणार होते, कारण ते झुलीलाच शिवलेले होते.

मैदानाच्या टोकाला भगवानराव हात मागे बांधून उभे होते. कोणी विचारलं तर आपण बाजारात आलो असं ते सांगणार होते. त्या दिवशी बाजार नव्हता.

शिट्टी झाली. सगळ्या गाड्या सूं करून सुटल्या. अतुलने ट्रिगर पूर्ण ओढला. मोटर किंचाळली. आतून 'कट्' येणार म्हणून त्याने डोळे मिटले. 'कट्' आलं नाही. डोळे उघडले तर बग्गी निघाली होती. मोटर पूर्ण वेगात किंचाळत होती आणि गाडी चालत होती. पळत नव्हती, चालत होती. घुंगरू वाजवत, मान जराशी डोलवत, शेताकडे निघाल्यासारखी.

तनवीरला आधी कळेना, मग कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने जिवाच्या करारावर आवळलेल्या त्या दोन चकत्यांमधे तूप गेलं होतं. त्या आता मनसोक्त घसरत होत्या. पोलादाचा सगळा जोर तुपात विरत होता आणि जेवढा उरत होता तेवढाच चाकांपर्यंत पोचत होता. दात्यांना काही काम उरलं नव्हतं.

लसूणवाल्याच्या ओट्याचं वळण आलं. तिथे पुढच्या दोन गाड्या एकमेकींवर चढून आधीच उलट्या पडल्या होत्या. अतुलची बग्गी त्यांच्यापाशी पोचली, जरा थबकली, आणि बाजूने निघून गेली. त्या वळणापलीकडचं मैदान अतुलने आपल्या गाडीच्या मागे उभं राहून कधी पाहिलंच नव्हतं. तिथे एक हापसा होता हे त्याला पहिल्यांदा कळलं.

पिंटू पहिला आला. त्याने खिशातला एक आर्म बदलला होता, तोही शर्यतीआधी. बाकीच्या गाड्या तुटल्या, भिडल्या, चिखलात रुतल्या. पिंटूने नारळ घेतला, चहा प्यायला, कळंबला जायला निघाला, तेव्हा अतुलची गाडी निम्म्या फेऱ्यांवर होती. पिंटू जाताना तिच्या बाजूने काही अंतर चालत गेला. दोघं बरोबरच चालले होते.

"चांगली चालून राह्यली, भाऊ," तो म्हणाला. त्यात टोमणा होता की नाही, हे अतुलला ठरवता आलं नाही.

अर्पिता घड्याळ पाहत होती. तिसरा नियम तिच्या गळ्याशी आला होता. तिने अतुलला एकदा समजुतीच्या स्वरात विचारलं, की थांबवायची का. अतुल म्हणाला नियम काय आहे. ती रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. टोकाला भगवानराव आता उकिडवे बसले होते. त्यांनी तंबाखू मळली होती आणि तोंडात टाकायचं विसरले होते.

ऊन कलायला लागलं तशी मैदानावर पोरं जमू लागली. आता, तान्हा पोळा म्हणजे लेकरांचा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकं लावलेले लाकडी बैल सजवून आणायचे, तोरणाखाली ओळीने उभे करायचे, उत्तम बैलाला बक्षीस, आणि मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे बैलाच्या नावाने खाऊ-पैसे, गोळा करायचा. हा तान्हा पोळाही त्याच मैदानावर भरतो. मंडळाच्या लोकांनी दोन खांब रोवले आणि आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. खांब त्यांनी तिथेच रोवले जिथे जमिनीवर आयती पांढरी रेघ आखलेली होती. रेघ सरळ होती, चुन्याची होती, मंडळाला वाटलं नगरपरिषदेने आखून दिली.

ती शर्यतीची शेवटची रेघ होती.

अतुलची शेवटची फेरी सुरू झाली होती. बॅटरी संपत आली होती, मोटरची किंकाळी उतरून आता नुसतं हंबरणं उरलं होतं. तोरणाखाली दोन्ही बाजूंनी लाकडी बैलांच्या रांगा, मधे वाट मोकळी, आणि त्या वाटेने लाल झुलीतला, हळदीने माखलेल्या खांद्यांचा, घुंगरांचा एक बैल आपला आपण चालत येत होता. त्याला कोणी ओढत नव्हतं. पोरं बाजूला सरकली. एका म्हातारीने हात जोडले.

परीक्षक होते वामनराव. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना आता लांबचं दिसत नव्हतं आणि जवळचं ते हाताने पाहत. पण जनावर त्यांच्या हाताला कळतं, असा तालुक्यात लौकिक होता. ते वाटेत खाली वाकले. बग्गी रेघेपासून वीतभर अंतरावर होती.

"काका, हात लावू नका," अतुल म्हणाला. त्याला वाटलं आपण ओरडलो. प्रत्यक्षात ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

वामनरावांनी झुलीखाली हात घातला. मोटर दुपारपासून पूर्ण जोरात फिरत होती. त्यांनी हात तिच्यावर ठेवला, मोजल्यासारखा थांबवला आणि मान हलवली.

"ताप हाये याले."

"काका, शर्यत चालू हाये. वीतभर राह्यली."

वामनरावांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "तापातल्या बैलाले पळवते? आन् थे बी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी?"

सगळं मैदान अतुलकडे पाहू लागलं. त्यात विमलताईही होती. आणि वामनरावांनी दोन्ही हातांनी बग्गी उचलली. ती उचलताना त्यांच्या पायांत कळ आली, पण चेहऱ्यावर समाधान पसरलं. वजनदार हाये, ते म्हणाले, घरी खानं-पिनं चांगलं हाये. विमलताईने पदर सारखा केला.

हवेत उचललेली बग्गी चारही चाकं हलवत राहिली. मग बॅटरी संपली आणि तीही थांबली.

अर्पिता खुर्चीवरून उठली होती. "हात लागला," ती म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच जरा वाईट वाटल्यासारखं होतं. "बाद."

"पहिला," वामनराव म्हणाले.

एकच हरकत आली. खुशी नावाच्या एका मुलीने, जिचा लाकडी बैल खरोखर देखणा होता आणि जिला हे माहीत होतं, पुढे येऊन सांगितलं की हा बैल नाही, याला शेपूटच नाही. वामनरावांनी मागे चाचपून पाहिलं. एरियलची कांडी आणि तिच्या टोकाचा लोकरीचा गोंडा हाताला लागला.

"हाये," ते म्हणाले. "वर केली हाये. तापात करतेत."

खुशीला दुसरं बक्षीस मिळालं. तिने ते घेताना अतुलकडे जे पाहिलं ते तो विसरू शकलेला नाही. हार घालून झाला, डबा दिला गेला, आणि ही गोष्ट तिथेच घडली नाही.

गर्दी पांगल्यावर भगवानराव आले. बग्गी जिथून उचलली तिथल्या चाकांच्या खुणेपाशी वाकून त्यांनी रेघेपर्यंतचं अंतर वीत लावून पाहिलं. एक वीत पूर्ण, वर काही नाही. तनवीर त्यांना चकत्या आणि तूप समजावून सांगू लागला. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"संपली का नाई संपली?" त्यांनी अतुलला विचारलं.

अतुलला खोटं बोलता आलं असतं. पण विजारीच्या खिशातला तो न बसणारा गिअर त्याला जमिनीकडे ओढत होता, आणि अशा अवस्थेत माणूस खोटं बोलत नाही.

"नाई," तो म्हणाला. "पण थांबली बी नाई. उचलली."

भगवानरावांनी हाताला लागलेला चुना झटकला. या माणसाने पीकविम्यापासून विहिरीपर्यंत तालुक्याच्या सगळ्या कचेऱ्यांत अर्ज केलेले होते. आपल्या देशात कोणता अर्ज किती दिवस लोंबकळतो याचा त्यांचा स्वतःचा अभ्यास होता.

"मंग अर्ज कर," ते म्हणाले. "संघाकडं. लेखी. निकाल लागू दे. निकाल लागे तवर कुटार बाहीर राह्यते."

अर्पिता तिथेच होती. अर्ज समितीच्या बैठकीत ठेवावा लागेल, असं तिने सांगितलं. समितीची बैठक संघ स्थापन झाल्यापासून झालेली नव्हती, आणि ती बोलवायचे अधिकार ज्या अध्यक्षांना होते ते सुरतला राहायला गेले होते. हे ऐकून भगवानरावांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणता येणार नाही. पण त्यांनी हातातली तंबाखू अखेर तोंडात टाकली आणि घराकडे चालू लागले. थोडं पुढे जाऊन ते थांबले आणि मागे न बघता म्हणाले, की एकटा बैल कामाचा नसतो, जोडी पाहावी लागेल.

अतुलने त्याच आठवड्यात गव्हाणीवर कागद ठेवून अर्ज लिहिला. तनवीरने मायना सांगितला. विमलताईने वाचून घेतला आणि 'बैल' या शब्दाआधी 'आयुष्मान' घालायला लावला. अर्ज असा:

प्रति,
मा. सचिव,
यवतमाळ जिल्हा रिमोट मोटार शर्यत संघ.

विषय : शर्यत अद्याप सुरू असल्याचे समजणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची गाडी (सध्याचा दर्जा : आयुष्मान बैल) अंतिम रेषेपासून एक वीत अंतरावर कार्यरत असताना सन्मानार्थ उचलण्यात आली. सदर उचलणे हे तज्ज्ञांनी प्रत्यक्ष हात लावून केलेल्या तापाच्या निदानानुसार झालेले असल्याने तो कालावधी वैद्यकीय रजा म्हणून ग्राह्य धरावा. तरी, गाडी पुढील तान्ह्या पोळ्यास त्याच जागी, त्याच झुलीत व तेवढ्याच तुपात उभी करून उर्वरित एक वीत अंतर स्वतःच्या चाकांवर पूर्ण करेपर्यंत सदर शर्यत सुरूच आहे असे समजण्यात यावे. चुन्याची रेघ कोणी पुसू नये. आठवडी बाजार तोपर्यंत अन्यत्र भरविणेबाबत संबंधितांस कळविण्यात यावे. आणि कळंब येथील स्पर्धक श्री. पिंटू यांनी आपण जिंकल्याचे तूर्तास मनावर घेऊ नये, ही नम्र विनंती.